शेक घ्यायचा की नाही, हे खरं तर चौथ्या आठवड्यात ठरतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा ५६ वर्षांचे, उमरेडजवळच्या गावात राहतात, वीस-पंचवीस वर्षांचा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला, चार आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठीही (लसिकाग्रंथी) काढल्या. रिपोर्टमध्ये दोन गाठींत आजार सापडला आणि त्यातल्या एकीत तो गाठीचं कवच फोडून बाहेर आलेला होता. डॉक्टरांनी ३० शेक (किरणोपचार) आणि दर आठवड्याला एक किमो सांगितली आहे. घरी मात्र आजी म्हणते, गाठ निघाली ना, मग आता कशाला? गावातल्या एकाने शेक घेतला होता, त्याचं तोंड सोलून निघालं, पाणी गिळवेना, आणि काही महिन्यांत तो गेला. शेक नाही घेतला तर चालेल का, आणि घेतला तर बाबांचं काय होईल, असं तुम्ही विचारलंय.

मी नागपुरात २२ वर्षं किरणोपचार देते आहे, आणि त्यातले निम्म्याहून जास्त रुग्ण तोंडाच्या कॅन्सरचेच. पानठेल्यावर प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून मिळणाऱ्या खर्र्याने विदर्भाच्या गावागावांत काय केलंय ते मी रोज बघते. बाबांना मी तपासलेलं नाही, त्यांचे कागद माझ्यासमोर नाहीत. त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. पण तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून मी माझ्या भावाला जे सांगितलं असतं तेच तुम्हाला सांगते: शेक टाळू नका. आणि सुरू करायच्या आधीच तो पूर्ण कसा होईल याची तयारी करा, कारण माझ्या अनुभवात माणसं शेकाला नाही म्हणून जितकी हरतात, त्यापेक्षा जास्त अर्ध्यावर सोडून हरतात.

आधी आजींचा प्रश्न, कारण तो रास्त आहे. सर्जनने डोळ्यांना दिसणारं आणि हाताला लागणारं सगळं काढलं. पण मानेतल्या एका गाठीतला आजार कवच फोडून बाहेर आला होता, म्हणजे काही पेशी आसपासच्या चरबीत, स्नायूंत पसरल्या असण्याची दाट शक्यता आहे. त्या स्कॅनवर दिसत नाहीत, सर्जनलाही दिसत नाहीत. शेतातलं हरळीचं उदाहरण मी नेहमी देते. वरून सगळी उपटली तरी मुळाचा एक तुकडा मातीत राहिला की पहिल्या पावसाला परत वर येते. शेक त्या तुकड्यांसाठी आहे. आजाराची गाठ लहान असती, कडा स्वच्छ असत्या, मानेतल्या सगळ्या गाठी कोऱ्या असत्या, तर मीच म्हटलं असतं की नुसती तपासणी ठेवू. बाबांचा रिपोर्ट तसा नाही.

किमो कशाला जोडली, तेही समजून घ्या. कवच फोडून आलेली गाठ किंवा कापलेल्या कडेला आजार, यांपैकी एक जरी गोष्ट रिपोर्टमध्ये असली की शेकासोबत सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध देतात. २००४ साली युरोपातला एक मोठा अभ्यास छापून आला. ऑपरेशन झालेल्या ३३४ रुग्णांपैकी अर्ध्यांना नुसता शेक दिला आणि अर्ध्यांना शेकासोबत सिस्प्लॅटिन. पाच वर्षांनी नुसत्या शेकाच्या गटात १०० पैकी ४० जण जिवंत होते, दोन्ही घेतलेल्यांत ५३. तोंडात-मानेत आजार परत येण्याचं प्रमाण ३१ वरून १८ वर आलं. पण तीव्र त्रास झालेल्यांचा आकडाही २१ वरून ४१ वर गेला, हेही त्याच अभ्यासात आहे. फायदा आणि त्रास एकाच पिशवीत येतात, म्हणून दोन्ही आकडे एकत्रच वाचायचे. त्या अभ्यासात तीन आठवड्यांतून एकदा मोठा डोस दिला होता. आपल्याकडे बरेच जण दर आठवड्याला लहान डोस देतात, बाबांनाही तोच सांगितलेला दिसतो. जपानमधल्या एका अभ्यासात, जो २०२२ साली छापून आला, ऑपरेशननंतरच्या रुग्णांत हा आठवड्याचा डोस मोठ्या डोसपेक्षा कमी पडला नाही आणि त्रास कमी झाला.

हे आकडे गटांचे आहेत, बाबांचे नाहीत. बाबांची किडनी कशी आहे, ऐकायला कमी येतं का, साखर किती असते, घरात कोणाला सिकलसेल आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. सिस्प्लॅटिन किडनीला आणि कानाला त्रास देतं. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर डॉक्टर किमो गाळून नुसता शेक देतील. तसं झालं तर घाबरू नका आणि "अर्धाच उपचार मिळाला" असंही समजू नका, मुख्य काम शेकच करतो.

आता "शेक" या शब्दाबद्दल थोडं. माझ्या मते निम्मी भीती या शब्दानेच घातली आहे. शेक म्हटलं की आपल्याला चूल, तवा, गरम विटेचा शेक आठवतो. शेकाईने माणूस आतून भाजतो असं लोक मला सांगतात. मशीनखाली काहीच गरम लागत नाही, काही टोचत नाही, काही दिसत नाही. एक्स-रे काढताना जसं काही कळत नाही, तसंच. किरणं पेशीच्या गाभ्यातल्या धाग्यांना इजा करतात. निरोगी पेशी ती इजा बऱ्याच अंशी काही तासांत दुरुस्त करून घेते, कॅन्सरच्या पेशीला तेवढं जमत नाही. म्हणूनच सगळा डोस एकदम न देता ३० भागांत वाटतात: रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप), आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवड्यांत ६० ग्रे. काही ठिकाणी अशा रिपोर्टला ६६ पर्यंत नेतात. शनिवार-रविवारची सुट्टी निरोगी पेशींना सावरायला मिळते.

अजून एक भीती, जी लोक हळू आवाजात विचारतात: नातवंडांना जवळ घेतलं तर चालेल का? चालेल. हा शेक बाहेरच्या मशीनचा आहे. मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही. वेगळं ताट, वेगळी खोली, वेगळा पलंग, काही लागत नाही. एक आजोबा माझ्याकडे तीन आठवडे येत होते आणि घरी गोठ्याशेजारच्या खोलीत एकटे झोपत होते. मला हे चौथ्या आठवड्यात कळलं. पहिल्याच दिवशी मी हे सांगायला हवं होतं.

पहिल्या आठवड्यात तर शेक होतच नाही, तयारी होते. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर आणि मानेवर अंथरतात. ती काही मिनिटांत थंड होऊन चेहऱ्याच्या आकारात घट्ट होते. तो बाबांचा मास्क. रोज तोच लावून झोपायचं, म्हणजे मान मिलिमीटरभरही हलत नाही. जाळीला भोकं असतात, श्वास व्यवस्थित घेता येतो, पण पहिल्या दिवशी बऱ्याच जणांना कोंडल्यासारखं होतं. बाबांना सांगून ठेवा की आत कॅमेरा आहे, माईक आहे, हात वर केला की मशीन थांबतं. मास्क घालून सीटी स्कॅन होतो, आणि त्यावर आम्ही कुठे किती डोस द्यायचा आणि कुठे नाही, हे आखतो. यात पाच-सात दिवस जातात.

आणि इथेच तुमच्याकडे वेळ कमी आहे. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावा आणि ऑपरेशनच्या दिवसापासून शेवटच्या शेकापर्यंत सगळं मिळून ११ आठवड्यांत संपावं, असा आमचा प्रयत्न असतो. तुमचे चार आठवडे गेलेत. शेकाचे सहा मोजले तर हातात जेमतेम एक आठवडा उरतो. घरात चर्चा अजून पंधरा दिवस चालली तर तो निर्णय घेतल्यासारखाच होईल, फक्त कोणी घेतला ते कळणार नाही.

त्या आठवड्यातलं पहिलं काम दातांचं. हे मी सगळ्यात जास्त जोर देऊन सांगते. शेकानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तो जन्मभर कमीच राहतो. पुढे कधी दात किडला आणि काढावा लागला, तर ती जागा न भरण्याचा धोका असतो, मग हाड उघडं पडतं, कुजतं, प्रसंगी जबड्याचा तुकडा काढावा लागतो. म्हणून हलणारे, किडलेले, मुळाशी पू झालेले दात शेकाच्या आधी काढून टाकायचे आणि जखम भरायला दोन ते तीन आठवडे द्यायचे. खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडात असे दात हमखास असतात. काही सर्जन ऑपरेशनच्या वेळीच ते काढतात. बाबांचे काढलेत का, हे आजच विचारा. नसतील तर उद्या दंतवैद्याकडे जा आणि तिथे "पुढच्या आठवड्यात शेक सुरू होणार आहे" हे पहिलं वाक्य असू द्या. आता तीन आठवडे थांबायला जागा नाही, त्यामुळे कोणता दात काढायचा आणि कोणता भरून वाचवायचा हे दंतवैद्य आणि किरणोपचाराचे डॉक्टर यांनी फोनवर बोलून ठरवलं पाहिजे.

आता सहा आठवड्यांत काय होतं ते क्रमाने सांगते, म्हणजे जे येईल ते ओळखीचं असेल.

पहिले दहा दिवस जवळजवळ काही होत नाही. घरचे म्हणतात, अरे, काहीच तर नाही. दुसरा आठवडा संपता संपता तोंडाची चव जायला लागते. वरण मातीसारखं लागतं, गोड कडू लागतं. मग तोंड आतून लाल होतं आणि तिसऱ्या आठवड्यापासून फोड, सालं, पांढरट थर. याचं कारण साधं आहे. तोंडाच्या आतलं अस्तर दर दोनेक आठवड्यांनी नवं होत असतं. शेकाने नव्या पेशी तयार होणं मंदावतं, जुन्या झडतात, आणि मधली जागा उघडी पडते. म्हणजे फोड आले याचा अर्थ शेक "उलटला" असा नाही. चौथा, पाचवा, सहावा हे आठवडे सगळ्यात कठीण. शेक संपल्यावरही एक-दोन आठवडे त्रास तसाच राहतो किंवा थोडा वाढतो, हे लोकांना कोणी सांगत नाही, आणि मग "शेक संपला तरी कमी का होत नाही" म्हणून घर हवालदिल होतं. त्यानंतर चार ते सहा आठवड्यांत तोंड भरून येतं. चव परत यायला दोन ते सहा महिने लागतात.

मानेची कातडी आधी लाल, मग काळी पडते, सोलते. कधी घडीच्या जागी ओली होते. ती बहुतेक वेळा महिन्याभरात नवी येते. सुती, बिनकॉलरचा सदरा, ब्लेडने दाढी नाही, घासून अंघोळ नाही, हळद-तेल-झाडपाल्याचा लेप नाही. उमरेडच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडावं लागलं तर मानेवर ओला नको, कोरडा सुती दुपट्टा सैल टाकायचा. ४५ अंशांत उलट्या, कमी पाणी आणि सिस्प्लॅटिन एकत्र आले तर किडनी दोन दिवसांत बिघडते, म्हणून उन्हाळ्यातल्या रुग्णांच्या पाण्याचा मी अक्षरशः हिशेब मागते.

तोंडासाठी सगळ्यात उपयोगी औषध सगळ्यात स्वस्त आहे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. रोज ताजं करायचं. दर दोन-तीन तासांनी, आणि प्रत्येक खाण्यानंतर, तोंडात घोळवून थुंकायचं. बाजारातले झणझणीत माऊथवॉश नकोत, त्यात अल्कोहोल असतं. डॉक्टर बेन्झिडामाइनचं माऊथवॉश लिहून देतील, ते फोड यायच्या आधीपासून वापरा. दुखणं वाढलं की गोळ्या वाढवून मागा. मॉर्फिनचं नाव ऐकून घरचे दचकतात, पण तीन-चार आठवडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेलं मॉर्फिन माणसाला जेवायला बसवतं आणि फोड भरले की कमी करत बंद होतं. मला ते जेवण जास्त महत्त्वाचं वाटतं. तोंडात दह्यासारखे पांढरे ठिपके आले तर ती बुरशी असू शकते, तिचं औषध वेगळं असतं. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

जेवणाबद्दल आपल्याकडची एक अडचण आहे. आपलं खाणं तिखट, सावजीची सवय असलेली जीभ, आणि आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा प्रेमाने संत्र्यांची पिशवी घेऊन येतो. फोडांवर संत्र्याचा रस म्हणजे आग. एका काकूंनी नवऱ्याला रोज दोन ग्लास संत्र्याचा रस पाजला होता, "ताकद येते" म्हणून, आणि ते बिचारे डोळ्यांतून पाणी काढत पीत होते, कारण बायकोने प्रेमाने दिलंय. संत्री तुम्ही खा. बाबांना मऊ खिचडी तुपासकट, वरण-भात कुस्करून, दूध, पनीर, अंडं खात असतील तर अंडं, सातूचं पीठ दुधात कालवून, केळं, शिरा पातळ करून. साठ किलोच्या माणसाला दिवसाला १८०० ते २१०० कॅलरी आणि ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात आणि एका मोठ्या ग्लास दुधात आठ, यावरून लक्षात येईल की "दोन वाट्या पेज घेतली" याने काही भागत नाही. तीन वेळा जेवण विसरा, दर दोन तासांनी पावपाव वाटी.

वजनाचं मी इतकं का करते, त्याचं एक दृश्य सांगते. आठवड्याच्या तपासणीच्या दिवशी एका रुग्णाला टेबलावर झोपवलं, मास्क लावला. पहिल्या दिवशी तो गालाला चिकटून होता, आता मास्क आणि गाल यांच्यामध्ये माझी करंगळी आरामात जात होती. साडेसहा किलो वजन उतरलं होतं. आत मान हलू शकत होती. म्हणजे ज्या मिलिमीटरांच्या हिशेबाने आम्ही मणक्यातली मज्जारज्जू वाचवतो, तो हिशेबच सुटला होता. नवा मास्क, नवा स्कॅन, नवं प्लॅनिंग, आणि त्यात दिवस गेले.

म्हणून वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं किंवा पाणीही गिळवेनासं झालं की आम्ही नाकातून नळी टाकतो. गावाकडे नाकात नळी म्हणजे शेवट आला असं समजतात. तसं नाही. ही नळी काही आठवड्यांची असते, तोंड भरलं की काढतो. तुम्ही बाबांना आणि आजींना हे आधीच सांगून ठेवा. नळी लागूनही थोडं थोडं पाणी तोंडाने गिळत राहायचं, नाहीतर गिळण्याचे स्नायू काम विसरतात.

आता ज्या चौथ्या आठवड्याबद्दल मी वर म्हटलं, त्याकडे येते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. भंडाऱ्याकडचे एक शेतकरी, बाबांच्याच वयाचे, असाच आजार. वीस शेक झाले, तोंड फोडांनी भरलं होतं. मला म्हणाले, "आता मायाच्यानं होत नाही जी, बाई. रोवणी आली, आठ दिवस घरी जाऊन येतो." मला त्यांची दया आली. मी म्हटलं, या जाऊन. ते १९ दिवसांनी आले. तोंड छान भरलं होतं, वजनही दोन किलो वाढलं होतं, मला बरंच वाटलं. उरलेले दहा शेक झाले. सात महिन्यांनी मानेत गाठ परत आली. त्या सुट्टीमुळेच आली असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, पण ती सुट्टी मी दिली होती, आणि आज मी देत नाही.

कारण असं आहे. शेक सुरू झाला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी आधी मरत जातात, पण साधारण चौथ्या आठवड्यापासून ज्या वाचल्या आहेत त्या जास्त वेगाने वाढू लागतात. रोजच्या डोसमधला काही भाग नुसती ती वाढ रोखण्यातच खर्च होतो. अशा वेळी थांबलात तर तोंड भरून येतं तशाच त्या पेशीही भरून येतात. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार जितके दिवस लांबतो, त्यातल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्का किंवा किंचित जास्त घटते, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणजे १९ दिवस ही लहान गोष्ट नाही. गावातल्या त्या गृहस्थांचं नेमकं काय झालं मला माहीत नाही. पण ते पूर्ण ३० शेक घेऊन गेले की मधेच सोडून, एवढं त्यांच्या घरी विचारून बघा.

मशीन बिघडलं, सण आला, एखादा दिवस चुकला, तर तो भरून काढायचे मार्ग असतात: शनिवारी शेक घेणं, किंवा एकाच दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन. ते विचारा. लग्न, पेरणी, "थोडा आराम" यांसाठी सुट्टी मागू नका.

यासाठी रोजच्या येण्याजाण्याचा बंदोबस्त आधी करा. उमरेडहून रोज शंभरेक किलोमीटर, मे महिन्यात, तोंडात फोड असताना, हे पहिले तीन आठवडे जमेल, पुढचे नाही. तिसऱ्या आठवड्यापासून नागपुरात कोणा नातेवाइकाकडे किंवा दवाखान्याजवळ खोली घेऊन राहा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शेक आणि किमो दोन्ही बसतात. योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेज, तुकडोजी चौकातलं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, अशा ठिकाणी या आजाराचा उपचार होतो. जिथे ऑपरेशन झालं तिथे मशीनची रांग लांब असेल, तर कागद घेऊन दुसरीकडे विचारायला संकोच करू नका. रांगेत गेलेला आठवडाही आठवडाच असतो.

उशिराने येणारे त्रास वेगळे असतात, ते महिन्यांनी किंवा वर्षांनी येतात. तोंड कोरडं पडणं हा त्यातला सगळ्यात सामान्य. यात तंत्रज्ञानाने खरंच फरक पडलाय. २०११ साली इंग्लंडमधला एक अभ्यास आला, त्यात जुन्या पद्धतीने शेक दिलेल्या १०० पैकी ७४ जणांना वर्षभरानंतरही तोंडाचा लक्षणीय कोरडेपणा होता, आयएमआरटी पद्धतीने (यात किरणांचा जोर जागेनुसार कमी-जास्त करतात) दिलेल्यांत ३८ जणांना. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: आयएमआरटी होणार का, आणि उजव्या बाजूची लाळग्रंथी वाचवता येईल का? बाबांचा आजार डाव्या गालाचा आहे, त्यामुळे ते शक्य असू शकतं, पण मानेतल्या गाठींच्या रिपोर्टवर ते ठरेल.

तोंड न उघडणं हा दुसरा. खर्र्याने बाबांच्या गालाचे पट्टे आधीच ताठ झाले असतील, त्यात ऑपरेशन, त्यात शेक. आज त्यांच्या तोंडात उभी किती बोटं जातात? तीन जात असतील तर छान, दोन असतील तर आजपासून व्यायाम. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या स्वच्छ धुऊन एकावर एक ठेवायच्या, दातांमध्ये बसतील तेवढ्या, तीसेक सेकंद धरायच्या, दिवसातून तीन-चार वेळा. दर आठवड्याला एक काडी वाढवता आली तर बघायचं, निदान कमी होऊ द्यायची नाही. फोड असताना हळू करा, पण बंद करू नका, आणि शेक संपल्यावर वर्षभर तरी चालू ठेवा. मानेचा आणि खांद्याचा व्यायामही त्यासोबत.

थायरॉईड मंदावू शकतो, कधी सहा महिन्यांनी, कधी पाच वर्षांनी. बाबा सुस्त झाले, थंडी जास्त वाजते, वजन वाढलं, तर लोक म्हातारपण समजतात. दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करा, रोजच्या एका गोळीने ते सुधारतं. दातांना फ्लोराइडचा जेल, आणि पुढे कधीही, दहा वर्षांनीही, दात काढायची वेळ आली तर आधी किरणोपचाराच्या डॉक्टरांना विचारायचं.

आणि खर्रा. ऑपरेशननंतर बंद असेल असं तुम्ही समजताय, पण खिसे बघा. रागावू नका, नुसतं विचारा. तिसऱ्या आठवड्यात दुखतंय म्हणून खर्र्याची गोळी दुसऱ्या गालात ठेवणारे रुग्ण मी पाहिलेत, आणि त्याच गालात दुसरा कॅन्सर निघालेलेही पाहिलेत. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी तुमच्या गावच्या ठेल्यावर खर्रा मिळणारच. ठेलेवाल्याला तुम्ही स्वतः जाऊन सांगा की बाबांना देऊ नको. गावात एवढं ऐकतात.

शेक पूर्ण झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत तपासण्या कमी अंतराने असतात, कारण आजार परत आला तर बहुतेक वेळा याच काळात येतो. एकही तारीख चुकवू नका.

उद्या दंतवैद्याकडे निघताना ऑपरेशनचा रिपोर्ट, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिनचे कागद सोबत ठेवा, आणि बाबांना वजनकाट्यावर उभं करून आजचा आकडा एका वहीत तारखेसह लिहा. त्या वहीत दर सोमवारी वजन, तोंडात किती बोटं जातात आणि दिवसभरात किती दूध-पाणी गेलं, एवढंच लिहीत जा. दर आठवड्याच्या तपासणीला ती वही डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवा. दंतवैद्य काय म्हणाले आणि शेकाची तारीख कोणती मिळाली ते मला इथेच कळवा, मी वाट बघते.